खेळातून हाताला वळण

(वेवजी, तालुका तलासरी, येथील पालकांसाठी दिलेले भाषण)



आज मी तुमच्याशी खेळाविषयी बोलणार आहे. पहिली-दुसरीत जाणाऱ्या, सहा ते आठ वर्षांच्या मुलांच्या खेळाविषयी. तुम्ही म्हणाल, "त्यात सांगायचं काय? पोरं तर न सांगताच खेळतात." खरे आहे. पण त्या खेळात मुलाच्या शिक्षणाचा पाया आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तेवढेच सांगायला मी उभा आहे.

तुमच्यातले बरेच जण नुकतेच लिहायला-वाचायला शिकले आहेत. पहिल्या दिवशी हातात पेन्सिल धरलीत, तेव्हा काय झालं ते आठवा. बोटे आखडली. मनगट दुखू लागले. जोर जास्त पडला आणि टोक मोडले. रेघ खाली न्यायची, तर ती भलतीकडेच गेली. ज्या हाताने दिवसभर विळा चालवला, तो हात बोटभर पेन्सिलीपुढे हरला!

असं का झालं? हात तोच होता, डोळाही तोच. पण त्या कामाचा सराव नव्हता. भाताची लावणी तरी पहिल्या दिवशी कुठे सरळ आली होती? आधी रोपे वाकडी लागली. कोणी हसले, कोणी दाखवून दिले. मग चार दिवसांत हात बसला. आज तुम्ही बोलत बोलत लावणी करता आणि रोप मात्र नेमक्या जागी बसते.

आता मुलाचा विचार करा. ते सहा वर्षांचे आहे. त्याच्या हाताला अजून कशाचाच सराव नाही. त्याच्या मनगटातली काही हाडे अजून पुरती तयारही झालेली नाहीत. ते शाळेत जाते आणि पाटीवर अक्षर काढू लागते. अक्षर वाकडे येते. कोणी ओरडते, कोणी बोटांवर छडी मारते, बाकीची मुले हसतात. मुलाला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी ते पाटी लपवते. तिसऱ्या दिवशी म्हणते, "मी गुरं घेऊन जातो, शाळेत नाही जात." घरच्यांना वाटते, याच्या डोक्यात विद्याच नाही. खरे पाहता डोके चांगले असते. हात तेवढा तयार नसतो.

हा हात तयार कसा करायचा? मारून होत नाही. बसवून ठेवूनही होत नाही. खेळाने होतो.

नेम आणि मेळ

चेंडू झेलताना काय होते ते पाहू. डोळा चेंडू पाहतो. डोळ्याची बातमी मेंदूकडे जाते. मेंदू हाताला हुकूम देतो, "पुढे हो, बोटं उघड, आता मीट." हे सारे पापणी लवते न लवते तोच झाले पाहिजे. हुकूम उशिरा गेला तर चेंडू खाली पडतो. लवकर गेला तर बोटे आधीच मिटतात.

डोळा, हात आणि पाय यांनी एकमेकांच्या साथीने काम करणे, याला म्हणायचे मेळ. आणि जे काम जिथे करायचे तिथेच ते होणे, याला म्हणायचे नेम. मेळ नसेल तर नेम लागत नाही.

हा मेळ जन्माबरोबर तयार मिळत नाही. तो पायवाटेसारखा पडतो. गवतातून एकदा चालले तर वाट दिसत नाही. रोज चालले तर गवत दबते, माती दिसते, आणि मग अंधारातही पाऊल चुकत नाही. डोळ्यापासून हातापर्यंतची वाटही अशीच, पुन्हा पुन्हा केल्याने पडते. मुलाला पुन्हा पुन्हा करायला लावायचे तर त्यात मौज हवी. मौज नसेल तर ते दोनदा करील आणि उठून जाईल. खेळात मौज असते, म्हणून खेळ शंभरदा होतो.

आणखी एक गोष्ट. शरीर मोठ्या हालचाली आधी शिकते, बारीक हालचाली मागून. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि शेवटी बोटे. म्हणून धावणे, उडी, फेकणे हे आधी. मणी ओवणे, रेघ काढणे हे नंतर. आपण मात्र मुलाच्या हाती एकदम पेन्सिल देतो. घराच्या भिंती उभ्या करण्याआधीच छप्पर घालायला निघाल्यासारखे हे झाले.

आपल्या शेजारचाच दाखला

हे नवे खूळ नाही. याची सुरुवात झालेली एक जागा आपल्या वेवजीपासून फार दूर नाही.

ताराबाई मोडक नावाच्या एक विदुषी होत्या. त्यांनी गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर लहान मुलांच्या शिक्षणाचे काम केले. पुढे १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात आल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ च्या सुमारास हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले, वारली मुलांच्या जवळ.

मुले शाळेत येत ना. मग या बायांनी शाळाच मुलांकडे नेली. पाड्यात जायचे आणि कोणाच्या तरी अंगणात मुले जमवायची. तिला नाव पडले अंगणवाडी. मुले गुरे राखायला जात, तर कुरणातच शिकवायचे. ती झाली कुरणशाळा.

शहरातल्या बालमंदिरात खेळाची साधने महाग असत. तेवढे पैसे इथे कोण देणार? ताराबाई आणि अनुताई यांनी आजूबाजूला पाहिले. शिंपले, खडे, बिया, पाने, बांबू, माती. यांचीच साधने केली. बिया मोजायच्या, निवडायच्या. पाने लहान-मोठी लावायची. माती मळून आकार करायचे. हात चालू लागला, डोळा पारखू लागला, आणि मूल अक्षराकडे वळले.

ताराबाई १९७३ साली वारल्या आणि अनुताई १९९२ साली. पण अंगणवाडी हा शब्द आज देशभर गावोगाव पोहोचला आहे. तो आपल्या या डहाणूच्या मुलखात घडला, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

याच्याही आधी, १९०७ साली, दूर इटली देशात मारिया माँटेसरी नावाच्या डॉक्टरबाईंनी रोम शहरातल्या मजुरांच्या वस्तीत मुलांचे घर उघडले होते. तिथे मुले जमिनीवर आखलेल्या रेघेवरून तोल सांभाळून चालत. म्हणजे मजुराचे मूल रोमचे असो की तलासरीचे, पाऊल सावरायला ते एकाच रीतीने शिकते. आता आपल्या सरकारच्या २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तीन ते आठ वर्षांच्या मुलांना खेळातून शिकवावे, असे सांगितले आहे.

आता कामाचे बोलू. सहा खेळ सांगतो. एकालाही पैसा लागत नाही.

पहिला खेळ : रेघेवर चालणे

अंगणात राखेची सरळ रेघ ओढा, मुलाच्या दहा पावलांएवढी. मुलाने तिच्यावरून चालायचे. एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावत जायचे. नजर समोर. हे जमले की रेघ वाकडी करा, नागमोडी करा. मग मुलाच्या हातात पाण्याने भरलेली करवंटी द्या. पाणी न सांडता पलीकडे जायचे.

आपल्या बाया डोक्यावर हंडा घेऊन शेताच्या बांधावरून येतात. पाय बांधावर, मान ताठ, पाणी सांडत नाही. तो तोल त्यांनी लहानपणीच कमावला आहे. रेघेवरचा खेळ म्हणजे त्याच तोलाचा पहिला धडा.

दुसरा खेळ : टोपलीत चेंडू

जुन्या चिंध्या घट्ट गुंडाळा, वरून सुतळी बांधा. झाला चेंडू. एक टोपली जमिनीवर ठेवा. तिच्यापासून तीन पावलांवर रेघ मारा. मुलाने रेघेमागे उभे राहून दहा वेळा चेंडू टाकायचा. किती आत गेले ते मुलानेच मोजायचे.

दहातले सात आत जाऊ लागले की रेघ एक पाऊल मागे न्या. दोन किंवा तीनच जात असतील तर एक पाऊल पुढे आणा. खेळ फार सोपा असला की मुलाला कंटाळा येतो. फार अवघड असला की ते रडकुंडीला येते. जमेल-न जमेल अशा ठिकाणी रेघ ठेवावी. आधी हात खालून झुलवून टाकू द्या. ते जमल्यावर खांद्यावरून. कधी उजव्या हाताने, कधी डाव्या हाताने.

या खेळात गणितही आहे बरं का! "काल चार गेले, आज सहा. किती वाढले?" मूल पटकन सांगते, "दोन!" पाटीवर हेच उदाहरण घातले तर कदाचित गप्प बसले असते.

तिसरा खेळ : झेल

आधी चेंडू मोठा घ्या, नारळाएवढा. दोन पावलांवरून हळूच टाका. मुलाला एवढेच सांगा, "चेंडूकडं बघ, माझ्याकडं नको." दोन्ही हातांनी झेलता आला की चेंडू लहान करा, लिंबाएवढ्यावर या. पुढे मुलाने एकट्याने चेंडू वर उडवायचा, एक टाळी वाजवायची आणि झेलायचा. मग दोन टाळ्या. मग तीन.

पुष्कळ मुले चेंडू येताना डोळे मिटतात. त्यांना भ्याड म्हणू नका. चिंध्यांचा चेंडू लागत नाही हे त्यांना कळू द्या. भीती जाईल, मग डोळे उघडे राहतील.

चौथा खेळ : लंगडी

लंगडी सगळ्यांना ठाऊक आहे. जमिनीवर घरे आखायची. खापरीचा तुकडा एका घरात टाकायचा. लंगडी घालत जायचे, रेघेला पाय लावायचा नाही, तुकडा उचलून परत यायचे. तुकडा नेमक्या घरात टाकण्यात नेम आहे. एका पायावर वाकून तो उचलण्यात तोल आहे. लहान घरे आखू नका. मुलाचे पाऊल सहज मावेल एवढी असू द्या. पाय बदलून खेळायला सांगा.

पाच-सहा मुले जमली तर लगोरी मांडा. सात चपट्या ठिकऱ्यांचा मनोरा, आणि तोच चिंध्यांचा चेंडू. नेम धरून मनोरा पाडायचा आणि पळत येऊन पुन्हा रचायचा. रचताना घाई केली तर मनोरा ढासळतो. घाईतही हात हळू ठेवायला मूल इथे शिकते. थोडे मोठे झाले की खो-खो खेळू द्या. त्या खेळाला कमी लेखू नका. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो आपल्या देशाच्या पुरुषांनी आणि बायकांनी, दोघांनीही जिंकला. दोन्ही संघांचे कर्णधार आपल्या महाराष्ट्राचेच होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे.

पाचवा खेळ : बोटांचा

आता बारीक काम. मुलांना सागरगोटे खेळू द्या. सागरगोटे नसले तर पाच गोल खडे चालतील. एक खडा वर उडवायचा, खालचा उचलायचा आणि वरचा झेलायचा. हा खेळ मुलींचा म्हणून मुलग्यांना हाकलू नका. बोटे सगळ्यांनाच आहेत.

चिंचोके, वाल आणि तूर एकत्र करून द्या. मुलाने ते वेगळे करायचे. फुले ओवायला द्या. आमच्या ओळखीची एक आजी नातवाला रोज संध्याकाळी वालाच्या शेंगा सोलायला बसवते आणि म्हणते, "बघू, दाणा न फुटता किती निघतात." आजीचे काम होते आणि नातवाची बोटे तयार होतात. अंगठा आणि शेजारचे बोट यांची चिमूट पक्की झाली की पेन्सिल धरणे सोपे जाते.

सहावा खेळ : ताल आणि रेघ

तारपा वाजू लागला की काय होते? हातात हात गुंफून माणसे फेर धरतात. तारप्याचा सूर बदलला की पाऊल बदलते. एकाचे पाऊल चुकले तर साऱ्या रांगेला झटका बसतो. कानाने ऐकायचे आणि पायाने उत्तर द्यायचे, ही केवढी मोठी शिकवण आहे! मुलांना फेराच्या टोकाला धरू द्या. "पायात येऊ नका" म्हणून त्यांना दूर करू नका.

तसेच आपल्या भिंतीवरच्या चित्रांचे. लग्नाचा चौक लिहिताना बाया तांदळाचे पीठ भिजवतात आणि बारीक काडीने रेघ ओढतात. त्रिकोण, गोल, चौकोन. हात स्थिर नसेल तर रेघ फाटते. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हशे हीच चित्रकला घेऊन देशोदेशी गेले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. मुलाला ओल्या मातीवर काडीने रेघा काढू द्या. गोल, उभी रेघ, आडवी रेघ, कमान. नीट पाहा, आपल्या अक्षरांत हे आकार पुन्हा पुन्हा येतात.

खेळताना काय सांभाळावे

पहिले, हसू नका. दोन मुलांची तुलना करू नका. "तो बघ किती टाकतो!" असे म्हणण्यापेक्षा "काल तू तीन टाकलेस, आज चार टाकलेस" असे म्हणा. मुलाची शर्यत त्याच्या स्वतःच्या कालशी असू द्या.

दुसरे, प्रत्येकाची पाळी येऊ द्या. चपळ मूल चेंडू सोडत नाही आणि कच्चे मूल कडेला उभे राहते. ज्याला सरावाची गरज जास्त, त्यालाच खेळ कमी मिळतो. हे मोठ्यांनी पाहिले पाहिजे. कोणाचा पाय अधू असेल तर त्याची टोपली जवळ ठेवा, पण त्याला खेळातून वगळू नका.

तिसरे, मूल डावखुरे असेल तर हात बांधू नका, मारू नका. डावा हात अशुभ नाही. त्याच हाताने ते छान लिहील.

चौथे, डोळे जपा. गलोल आणि दगड एकमेकांच्या दिशेने कधीच नको. नेमच धरायचा तर भिंतीवर कोळशाने वर्तुळ काढा आणि चिंध्यांचा चेंडू मारा. पाखरूही वाचेल.

पाचवे, महिना-दोन महिने खेळूनही मुलाचा नेम जराही सुधारत नसेल, ते सारखे अडखळत असेल, पुस्तक नाकाशी धरत असेल, तर रागावू नका. डोळे अधू असतील. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. शाळेत तपासणीला डॉक्टर येतात, तेव्हा त्यांना सांगा. पुष्कळदा एका चष्म्याने "ढ" मूल हुशार होते.

"आम्हाला वेळ कुठं आहे?"

तुम्ही हे विचारणार, हे मला ठाऊक आहे. दिवसभर मजुरी, घरी येऊन चूल. मी तासभर मागत नाही. संध्याकाळी पाव तास द्या. बाप बिडी ओढत बसतो, तेवढ्यात टोपलीतले चेंडू मोजून होतात. घरात मोबाईल असेल तर पोर त्याच्यावर बोट फिरवत बसते. पण काचेवर बोट फिरवून चेंडूचे वजन कळत नाही आणि तोल येत नाही. तो ठेवा बाजूला.

मुलींचे वेगळे सांगतो. आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन कडेला उभी असते. बाकीची मुले खेळतात, ती पाहते. तिच्या कडेवरचे मूल थोडा वेळ तुम्ही घ्या. तिचाही हात तयार व्हायचा आहे. तिलाही लिहायचे आहे.

दिवाळीनंतर आपल्या भागातली कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर आणि दुसऱ्या कामांवर बाहेर जातात. शक्य असेल तर मुलाला आजी-आजोबांजवळ ठेवा, शाळा तुटू देऊ नका. न्यावेच लागले तर जिथे जाल तिथल्या शाळेत नाव सांगा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घेतलेच पाहिजे, असा २००९ सालचा कायदा आहे. आणि चिंध्यांचा चेंडू गाठोड्यात बांधून न्या. त्याला जागा लागत नाही. भट्टीच्या आगीपासून आणि गाड्यांपासून दूर, झोपडीपुढच्या मोकळ्या जागेत रेघ ओढता येते.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. नुसत्या खेळाने अक्षर येत नाही. अक्षर शिकवायला शिक्षक हवा, पुस्तक हवे, रोजची हजेरी हवी. खेळ जमीन नांगरून देतो, बी पेरायचे काम शाळेचे. पण न नांगरलेल्या जमिनीत बी टाकले तर काय उगवते, हे शेतकऱ्याला मी काय सांगू?

तेव्हा मूल शाळेतून आले आणि म्हणाले, "आज गुरुजींनी आम्हांला खेळायला नेलं," तर "तुला शिकायला पाठवलं की खेळायला?" असे विचारू नका. विचारा, "काय खेळलास? दहातले किती लागले?" आणि त्याने सांगितलेला आकडा लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते. भिंतीवर कोळशाने तारीख घाला आणि पुढे आकडा मांडा. महिन्याने मुलाला जवळ बसवा आणि दोघे मिळून ते आकडे वाचा.